मूळ गायकाचा रकाना

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात हौशी गायकांची स्पर्धा असते आणि नावनोंदणीच्या टेबलावर बसायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. फॉर्म साधाच आहे. नाव, इमारत, वयोगट, गाण्याचे बोल, पट्टी, ट्रॅकवर गाणार की पेटी-तबल्यावर, आणि शेवटी ‘मूळ गायक/गायिका’. हा शेवटचा रकाना लोक पेन न थांबवता भरतात. लता, रफी, आशा, किशोर, आणि हल्ली अरिजित, श्रेया. यंदा कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीनं ‘आज जाने की जिद न करो’ लिहिलं, पट्टी काळी चार, साथीला पेटी-तबला, आणि मूळ गायिका म्हणून सुंदर अक्षरात ‘फरीदा खानुम’. परीक्षक असलेले गाण्याचे सर फॉर्म चाळत शेजारीच बसले होते. त्यांनी ते नाव एका रेघेनं खोडलं आणि वर लिहिलं, ‘हबीब वली मोहम्मद’. रागावून नव्हे, शांतपणे. मुलगी म्हणाली, “सर, पण मी यांचं ऐकलेलंच नाही. मी फरीदाजींचं ऐकून बसवलंय.” सर म्हणाले, “म्हणूनच लिहिलं, बाळा. ऐक घरी जाऊन.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “काकू, मग मी गाणार आहे ते कुणाचं?” मागे रांग होती. मी तिला क्रमांक दिला आणि पुढचा फॉर्म घेतला.

स्पर्धा झाली, मांडव उतरला, तरी तिचा प्रश्न माझ्याजवळच राहिला. सर बरोबर होते यात शंका नाही. पण तीही बरोबर होती. ती ज्या जागा घेत होती, जिथे थांबत होती, ‘न करो’ म्हणताना आवाज जसा खाली सोडत होती, ते सगळं फरीदा खानुम यांचं होतं. हबीब वली मोहम्मद यांच्या गाण्यातलं त्यात शब्द आणि चालीचा सांगाडा सोडून काहीच नव्हतं. दोन खरी उत्तरं आणि रकाना एकच.

मूळ गाणं १९७३ च्या ‘बादल और बिजली’ या पाकिस्तानी चित्रपटातलं, हबीब वली मोहम्मद यांनी गायलेलं. फय्याज हाश्मींचे शब्द, सोहेल राना यांचं संगीत. ही नावं आपल्याकडे फारशी कुणाच्या तोंडी नसतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण दोघंही मोठी माणसं. हाश्मी कोलकात्याचे. तलत महमूद यांचं ‘तस्वीर तेरी दिल मेरा बहला न सकेगी’ हे १९४४ चं गैरफिल्मी गाणं त्यांनीच लिहिलेलं, कमल दासगुप्तांच्या चालीवरचं. म्हणजे आपल्या आधीच्या दोन पिढ्या ज्या गाण्यावर जीव टाकत होत्या, त्याचा कवी आणि ‘आज जाने की जिद’चा कवी एकच. सोहेल राना यांनी १९६६ च्या ‘अरमान’मध्ये अहमद रश्दींकडून ‘को को कोरीना’ गाऊन घेतलं. आजही त्यावर पाकिस्तानात लग्नात नाचतात. पुढे त्यांनी टीव्हीवर मुलांना गाणी शिकवली. असा मोकळा, उड्या मारणारा संगीतकार इथे यमनच्या अंगानं जाणारी ही संथ चाल देतो.

हबीब वली मोहम्मद यांचं गाणं मी मन लावून ऐकलं ते या स्पर्धेनंतर. रात्री, हेडफोन लावून, बाजूच्या खोलीत वॉशिंग मशीन फिरत असताना. मागे चित्रपटाचा वाद्यवृंद आहे. गाणं आपली लांबी ठरवून आलेलं आहे. आणि आवाज! मऊ, किंचित थरथरता, तलतची आठवण करून देणारा, कुठेही दाब न देणारा. सभ्य माणूस विनंती करतो तशी ही विनंती आहे. ‘थांब’ म्हणतानाच तू गेलीस तरी मी समजून घेईन असं ते म्हणतात, असं मला वाटत राहिलं. मला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक करताना मात्र मी गुणगुणत होते ते फरीदांचंच.

यात अन्याय आहे का?

फरीदा खानुम यांच्याकडे हे गाणं आलं आणि चित्रपट गळून पडला. कोलकात्यात जन्म, अमृतसरमध्ये बालपण, फाळणीनंतर पाकिस्तान, पतियाळा घराण्याच्या उस्ताद आशिक अली खाँची तालीम, ठुमरी-दादरा अंगात मुरलेला. त्यांच्या जुन्या ध्वनिचित्रफिती पाहिल्या की दिसतं ते असं: साडी नेसून बसलेली बाई, मागे पेटी-तबला, आणि वेळेची कसलीही घाई नाही. मुखडा त्या परत परत घेतात आणि दर वेळी तो थोडा वेगळा येतो. एखादा शब्द पूर्ण सुरात, तर एखादा नुसता बोलल्यासारखा. तबला सम दाखवून जातो आणि बाई सावकाश मागून येतात. आयुष्य काळाच्या कैदेत आहे आणि हेच काय ते चार क्षण मोकळे आहेत, अशा अर्थाची एक ओळ गाण्यात आहे. चित्रपटाच्या गाण्यात ती ओळ कानावर येते आणि पुढे जाते. फरीदांच्या गाण्यात ती ओळ खरी होते, कारण त्या खरंच काळ थांबवतात. जाऊ नकोस असं सांगणारं गाणं, आणि ते गाणंच उठायचं नाव घेत नाही. इतकी उघड गोष्ट चित्रपटाच्या मापात बसणारी नव्हती. तीन-चार मिनिटांत नायकाला नायिकेला थांबवून पुढच्या प्रसंगात शिरायचं असतं.

आणखी एक गोष्ट मला त्या रात्री जाणवली. गाण्यात ‘उठ के जाते हो तुम’ असे शब्द आहेत. उर्दू शायरीत प्रेयसीलाही पुल्लिंगी क्रियापद लावायची पद्धत आहे, त्यामुळे हबीब वली मोहम्मद हे एका स्त्रीला उद्देशून म्हणतात ते रिवाजानं बरोबरच. पण तेच शब्द स्त्रीच्या तोंडी आले की रिवाजाची गरजच उरत नाही. कुणीतरी पुरुष खरोखर उठून निघाला आहे, आणि बाई त्याला थांबवते आहे. एक अक्षर न बदलता गाण्यातली माणसं बदलतात. पुरुषानं ‘नको जाऊस’ म्हणणं आपण हजार गाण्यांत ऐकलंय. बाईनं, तेही पोक्त वयाच्या, स्वतःच्या मर्जीनं जगणाऱ्या वाटणाऱ्या बाईनं, हसत-हसत, लाजेचा आव न आणता, ‘असाच शेजारी बसून राहा’ म्हणणं हे त्या सभ्यतेच्या चौकटीत केवढं धाडस आहे! ते धाडस शब्दांत पहिल्यापासून होतं. त्याला तो आवाज मिळाला नव्हता. (या गाण्याला आपण सर्रास गझल म्हणतो, निवेदकही म्हणतात. आकृतिबंधानं ते गीत आहे. पण फरीदांनी ते गझल गायच्या रीतीनं गायलं आणि त्याची जातच बदलून टाकली.)

हेच दुसऱ्या खंडात झालेलं मला माहीत होतं, पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. अमेरिकन गायक ओटिस रेडिंगनं १९६५ मध्ये ‘रिस्पेक्ट’ (म्हणजे मान) लिहिलं आणि गायलं. त्यात कमावता पुरुष दमून घरी येतो आणि बायकोकडून मानाची अपेक्षा करतो. गाणं चांगलं चाललं. दोन वर्षांनी, १९६७ मध्ये, अरेथा फ्रँकलिननं ते घेतलं. तिच्या गाण्यात पैसा तिचा स्वतःचा आहे आणि मान मागणारी तीच आहे. त्या शब्दाची अक्षरं एकेक करून ठणकावणं तिनं घातलं, मागून कोरसला तिच्या सख्ख्या बहिणी, कॅरोलिन आणि अर्मा. ओटिसच्या गाण्यात हे नव्हतंच. ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि काळ्या माणसांच्या, बायकांच्या चळवळीत जाऊन बसलं. त्याच जूनमध्ये माँटेरेच्या महोत्सवात रेडिंगनं स्टेजवरूनच हसत सांगितलं की हे गाणं एका मुलीनं माझ्याकडून नेलं. आणि मग तेच गाणं तो जीव तोडून गायला. डिसेंबरात विमान कोसळून तो गेला, वय अवघं सव्वीस. मला त्याचं ते हसणं पुन्हा पुन्हा आठवतं. त्यात तक्रार होती की अभिमान, हे मी कितीदा ऐकूनही ठरवू शकलेले नाही. दोन्ही असणार. आपलं मूल दुसऱ्याच्या घरात जास्त रमलेलं पाहताना आईला असं होत असेल.

मी वाढले ते कॅसेटच्या दिवसांत, आणि त्या काळाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आमच्या तालुक्याच्या गावात एचएमव्हीची कॅसेट मिळायची ती एकाच दुकानात, काचेच्या कपाटात, आणि ती महाग असायची. टी-सीरिजची मिळायची कुठेही. किराणा दुकानात, पानपट्टीवर, एसटी स्टँडच्या भिंतीला टेकून उभ्या केलेल्या फळ्यांवर. वर जुन्या चित्रपटाचं चित्र, आत लताबाईंची नाहीतर रफीसाहेबांची गाणी, आणि आवाज दुसऱ्याच कुणाचे. अनुराधा पौडवाल यांनी लताबाईंची कितीतरी गाणी अशी गायली. सोनू निगमची ‘रफी की यादें’ तर घराघरांत होती. बाबांच्या टेपरेकॉर्डरचं झाकण उघडलं की येणारा गरम प्लास्टिकचा वास, फीत अडकली की पेन्सिल घालून ती गुंडाळणं, हे सगळं माझ्यासाठी त्या आवाजांशी जोडलेलं आहे. आमच्या कितीतरी मैत्रिणींनी जुनी गाणी पहिल्यांदा ऐकली ती याच आवाजांत. विविध भारतीवर मूळ गाणं लागलं की ताल जरा वेगळा, व्हायोलिनं जास्त, असं वाटून त्या क्षणभर थबकायच्या.

त्या गायकांबद्दल मला मनापासून आदर आहे. किती मेहनतीनं त्यांनी ती गाणी उचलली! सोनू निगमसारखा गायक त्याच शाळेत तयार झाला. ज्या घरांत मूळ रेकॉर्ड कधीच पोचली नसती तिथे मदनमोहन, रोशन, नौशाद पोचले ते या कॅसेटांमुळे. आणि तरीही ती गाणी आज कुठे आहेत? मूळ गाणी एका बटणावर मिळू लागली आणि ‘व्हर्जन साँग’ हा शब्दच वापरातून गेला. याचं कारण आवाजाच्या दर्जात नाही. त्या गायकांना मुळाबरहुकूम गायचं काम दिलेलं होतं, तीच जागा, तीच हरकत, तोच श्वास. झेरॉक्सची गरज मूळ कागद हाती नसेल तोवरच असते. त्यांना कुणी ‘तुला यात काय दिसतं ते गा’ असं म्हटलंच नाही. म्हटलं असतं तर काय झालं असतं, याची मला आजही हळहळ वाटते.

तो धंदा उभा राहिला तो १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या एका कलमावर. ५२ (१) (जे). पहिलं ध्वनिमुद्रण होऊन दोन वर्षं उलटली की मालकाला नोटीस देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्याला नव्यानं मुद्रित करता येत असे. २०१२ च्या दुरुस्तीत ते कलम गेलं आणि ३१ सी आलं. आता पाच वर्षं थांबावं लागतं, वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ मोजावी लागते, आणि वेष्टनावर हे कव्हर व्हर्जन आहे असं स्पष्ट छापावं लागतं. पहिल्या गायकाचं नाव किंवा फोटो असा वापरता येत नाही की लोकांची फसगत व्हावी. हे सगळं योग्यच आहे. पण वाचताना एक गोष्ट मला टोचली. कवीचा हक्क आहे, संगीतकाराचा आहे, ते ज्यांना विकले गेले त्या कंपनीचा तर आहेच. पहिल्या गायकाचा दुसऱ्याच्या गाण्यावर काहीच हक्क नाही. त्याचा आवाज वापरलेला नाही, मग त्याला काय द्यायचं? कायद्याच्या दृष्टीनं ‘मूळ गायक’ हा रकानाच नाही.

पैशाचं तर काय सांगावं. अमेरिकन गायिका डॉली पार्टननं स्वतः लिहून १९७४ मध्ये आणलेलं ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ एल्व्हिस प्रेस्लीला गायचं होतं, पण त्याच्या बाजूनं प्रकाशनहक्कात निम्मा वाटा मागितला गेला. तिनं रडत-रडत नकार दिला. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टननं ते गायलं आणि जगात जिथे रेडिओ होता तिथे ते वाजलं. गाणं ह्यूस्टनचं झालं, हक्क पार्टनचेच राहिले. उलट दक्षिण आफ्रिकेचा सॉलोमन लिंडा. १९३९ मध्ये जोहान्सबर्गच्या स्टुडिओत त्यानं आपल्या साथीदारांसह ‘एम्बुबे’ गायलं, हक्क दहा शिलिंगांना गेले. त्याच गाण्यातून ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ निघालं, ते साऱ्या जगाला ठाऊक आहे. लिंडा १९६२ मध्ये दारिद्र्यात गेला. त्याच्या मुलींना न्याय मिळाला २००६ मधल्या तडजोडीत. ज्या स्वरावलीवर ते गाणं उभं आहे ती त्यानं गाता-गाता तिथल्या तिथे रचली होती असं सांगतात. दुसऱ्यानं गाणं मोठं करणं आणि पहिल्याला पुसून टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच राहायला हव्यात, असं मला लिंडाची गोष्ट वाचल्यापासून फार तीव्रतेनं वाटतं.

आपल्याकडे हे कळत होतं. माझ्या आजोबांकडे ‘संगीत सौभद्र’ची एक जुनी प्रत होती, पुठ्ठा सुटलेली, पानांच्या कडा तपकिरी, कुठे वाळवीनं केलेली बारीक भोकं. पदाच्या डोक्यावर कंसात छापलेलं असायचं, ‘चाल –’ आणि पुढे ज्या पदाच्या, लावणीच्या, कानडी गाण्याच्या चालीवर ते बांधलं त्याचे शब्द. नाहीतर नुसतं ‘साकी’, ‘दिंडी’, ‘कामदा’. १८८२ च्या नाटकात अण्णासाहेब किर्लोस्करांना ही चाल मी अमुक ठिकाणाहून घेतली हे सांगण्यात कमीपणा वाटला नाही. वाचणारा ती मूळ चाल गुणगुणत पद वाचायचा, म्हणजे जुनं गाणं नव्याच्या पोटात जिवंत राहायचं. आज त्यातली कित्येक मूळ गाणी कुणालाच माहीत नाहीत, पण त्यांची पहिली ओळ त्या पानावर टिकून आहे. लहानपणी मला तो कंस म्हणजे अडथळा वाटायचा. आता वाटतं, सगळ्या पानात सगळ्यांत सुसंस्कृत जागा तीच.

नाट्यसंगीतात पुढे गाणी एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली तेव्हाही कुणी गुन्हा केल्यासारखं वागलं नाही. १९११ च्या ‘मानापमान’मधलं ‘प्रेम सेवा शरण’ गोविंदराव टेंब्यांनी भीमपलासात बांधलं. मास्टर दीनानाथांनी ते मुलतानीत नेलं. जाणकार आजही दोन्ही चाली वेगळ्या नावानं ओळखतात आणि दोन्ही प्रेमानं ऐकतात. ‘नाथ हा माझा’ भास्करबुवा बखल्यांनी यमनात दिलं, बालगंधर्वांनी ते १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये गायलं, आणि त्यानंतर ते न गायलेला नाट्यगीतांचा गायक शोधून सापडणार नाही. प्रत्येकानं आपापलं गायलं, आणि प्रत्येक वेळी बालगंधर्वांचं नाव घेतलं गेलं. मराठी कानाला यमनची ओळख बहुतेक वेळा याच पदातून होते. फरीदांचं ‘आज जाने की’ आपल्याला पहिल्याच ऐकण्यात ओळखीचं वाटतं, त्याचं एक कारण हे असावं, अशी माझी समजूत आहे.

त्यामुळे पुढच्या वर्षीसाठी मी फॉर्म बदलला. समितीत चर्चा झाली, फॉर्म लांबतो अशी कुरकूर झाली, पण बदलला. ‘मूळ गायक’ काढून चार ओळी घातल्या. गीत, संगीत, प्रथम कुणी गायलं, तुम्ही कुणाचं ऐकून बसवलं. सरांना दाखवला तेव्हा त्यांनी चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हे मला सुचायला हवं होतं.” मग बराच वेळ त्यांनी त्यांच्या गुरुजींबद्दल सांगितलं. कुठली बंदिश कुणाकडून आली हे ते शिकवणीच्या सुरुवातीलाच कसं सांगत, आणि नाव घेताना कानाच्या पाळीला कसा हात लावत.

एवढं झाल्यावर मी परत एकदा फरीदा खानुम ऐकल्या, पण या वेळी २०१५ मधल्या, पाकिस्तानच्या ‘कोक स्टुडिओ’तल्या. तोवर या गाण्याचे किती अवतार होऊन गेले होते. आशाताईंनी ते गायलं, रोज नवा कुणीतरी गिटार घेऊन ते गातोच. आणि आता ऐंशीच्या घरातल्या फरीदा स्वतः. आवाज विरलेला आहे. श्वास पुरत नाही, ओळ मध्येच सोडावी लागते. जिथे पूर्वी त्या मजेत मागे रेंगाळायच्या, तिथे आता वय त्यांना मागे ठेवतं. पहिल्यांदा मला ऐकवलं नाही, बंद केलं. दुसऱ्यांदा धीर करून ऐकलं आणि मग तीच ओळ वेगळी ऐकू आली. या वयात ‘आज जायचा हट्ट नको’ हे कुणी कुणाला म्हणतं? जाणारा कोण, थांबणारा कोण? शृंगार होता तिथे आता दुसरंच काही आहे आणि शब्द तेच आहेत. आपणच मोठं केलेलं गाणं त्या पुन्हा एकदा नव्यानं गात होत्या. आधीच्या फरीदांची नक्कल करायचा एकही प्रयत्न त्यांनी केला नाही. हे मला त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं गाणं वाटतं, सुरात कमी असूनही.

मग हबीब वली मोहम्मद? त्यांच्याविषयी जेवढं वाचत गेले तेवढे ते मला जवळचे वाटू लागले. मेमन व्यापारी घराण्यातला हा माणूस, गाणं हा त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय कधीच नव्हता. तरुणपणी ते मुंबईत होते आणि इथल्या गाण्याच्या एका मोठ्या स्पर्धेत पहिले आले होते. अमेरिकेत सिरॅक्यूजला जाऊन व्यवस्थापन शिकले, कारखानदारी सांभाळली, आणि २०१४ मध्ये अमेरिकेतच गेले. फरीदांनी आपलं गाणं नेलं याबद्दल त्यांनी कुठे कडवट शब्द काढल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही. आणि पाकिस्तानात त्यांचं नाव निघतं ते फक्त या गाण्यावरून नव्हे. तिथे ‘लगता नहीं है जी मेरा उजड़े दयार में’ ही बहादूरशहा जफर यांच्या नावावरची गझल म्हटलं की लोकांना हबीब वली मोहम्मद आठवतात. आपल्याकडे तीच गझल म्हणजे रफी, १९६० च्या ‘लाल किला’तले, एस. एन. त्रिपाठींच्या संगीतातले. सीमेच्या एका बाजूला एकाची, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याची.

जफरना इंग्रजांनी हद्दपार करून रंगूनला ठेवलं आणि १८६२ मध्ये ते तिथेच गेले, तिथल्याच मातीत पुरले गेले. हबीब वली मोहम्मद यांचा जन्म रंगूनचा. ज्या शहरात त्या बादशहाची कबर आहे तिथे जन्मलेला मुलगा मुंबईमार्गे कराचीत पोचतो आणि घर सुटलेल्या माणसाची ती गझल गातो. रफींच्या गाण्यात बादशहाचं दुःख आहे, मोठं, उंच छताखालचं. हबीब यांच्या गाण्यात साधा माणूस आहे, सामान बांधून एका गावातून दुसऱ्या गावात गेलेला, कुणाला फारसं काही न सांगणारा. ‘आज जाने की’मध्ये ज्या सभ्यपणामुळे गाणं त्यांच्या हातून निसटलं असं मला वाटलं होतं, तोच सभ्यपणा इथे गाण्याला धरून ठेवतो. दोन्ही लागोपाठ ऐकल्या तर तुम्ही कुठलीही निवडाल, मला दोन्ही हव्या आहेत. पण गेल्या आठवड्यात त्या मुलीनं जिन्यात गाठून विचारलं, “काकू, हबीबसाहेबांचं आणखी काही आहे का?” तेव्हा मी तिला रफींच्या आधी हीच पाठवली.